आधी आवशीक भेट

विजेच्या बिलामागे सात प्रश्न लिहून
वेंगुर्ल्याला गेलो, इनास लोबोच्या दारी.
हातात करंडी, तळाला बाबांची जुनी लुंगी.
पिल्लू घेऊनच परतणार, हे मी धरून चाललो होतो.

सावंतवाडीचा एक जण आधी पाहून झाला होता.
त्याच्याकडे सगळंच होतं:
शिक्क्याचे कागद, चॅम्पियन बाप,
पट्टा फुकट, पैसे हप्त्याने.
पिल्लांची आई तेवढी
"आज गावाला गेलीय" म्हणाला.
कुत्री. गावाला.

लोबो चौदा वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता.
हाताला फिनेलचा वास, चष्म्याला दोरा.
म्हणाला, "पिल्लां मगे. आधी आवशीक भेट."

ती जांभ्याच्या पडवीत पसरलेली,
पिवळसर, थानं ओघळलेली.
उठली. माझी चप्पल हुंगली, करंडी हुंगली, लुंगीत तोंड घातलं,
मग लोबोकडे बघितलं.
त्याने मान हलवली तेव्हा बसली.

मी बिल उघडलं. किती वेळा व्यायली?
"दोन खेपेक. आता बस. ती काय गिरण आसा?"

खुब्याची तपासणी?
पत्र्याच्या पेटीतून त्याने दोन एक्स-रे काढले,
एकेक करून खिडकीत उन्हाला धरला.
हाडांच्या मागे माडाच्या झावळ्या हलत होत्या.
"ह्यो तिचो. ह्यो तिच्या भयणीचो, सांधो उथळ.
म्हणान तिका जोडीक लावलंय नाय."
बहीण टेबलाखाली घोरत होती,
बिनकामाची, तेल पाजल्यासारखी तुकतुकीत.

तिसरा प्रश्न विचारण्याआधी वही पुढे आली,
वाण्याकडे उधारीची असते तशी लांबट.
वेळ, वजन, जंताचं औषध,
आणि सातव्या ओळीवर तांबडी काट.
"ह्यां दुसऱ्या रातीक गेलां.
बल्ब गेलो आणि माका झोप लागली."
हे मी विचारलंच नव्हतं.
सावंतवाडीत कुणीच मेलं नव्हतं.

मग तो विचारू लागला.
नोकरी? कुडाळला, बँकेत.
घरात कोण? मी. बाबा मार्चमध्ये गेले.
दिवसभर? कुलूप.
"शेजारीण बघेल," मी म्हणालो,
शेजारणीला न विचारता.

तो बराच वेळ गप्प. कुंपणावरचा कावळा
सुकत घातलेल्या बांगड्यांचा अंदाज घेत होता.
"पैसे खिशात घाल," लोबो म्हणाला.
"शेजारणीक घेवन ये. तिका बघतंय, मगे ठरवया."

एसटीत करंडी मांडीवर.
लुंगीला पाच-सहा पिवळे केस चिकटलेले,
ते मी झटकले नाहीत.
बिलामागचे पाच प्रश्न तसेच घडीत.
कंडक्टर म्हणाला, "करंडीत काय? सामानाचं तिकीट लागेल."
"काही नाही," मी झाकण उघडून दाखवलं.

मठ गेलं, आडेली गेलं.
शेजारणीचं नाव मला
काही केल्या आठवेना.