यजमान

अंबडच्या एमआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यामागे
एक खोली आहे, तिथे बारा महिने थंडी.
लोखंडी कपाटात एक यंत्र, सोळा कोअरचं,
आणि त्या सोळावर मी बावन्न देऊन बसलेय.
लबाडी नाही ही. सगळेच करतात.
सगळे एकदम जागे होत नाहीत
एवढ्या भरवशावर धंदा चालतो.

एका पाहुण्यात द्राक्षांच्या कंटेनरची बिलं,
एकात कांद्याच्या लिलावाचे भाव,
एकात शाळेची हजेरी, जी सुट्टीतही उगाच टक्क जागी,
आणि एकात गंगापूर रोडच्या हॉस्पिटलची लॅब.
प्रत्येकाला वाटतं, प्रोसेसर आपल्या एकट्याचा.
तसं वाटू देण्याचाच मला पगार मिळतो.

रात्री तीन दहाला फोन.
सिस्टर लीना भालेराव, आवाज दाबून:
"मॅडम, पोटॅशियमचा रिपोर्ट निघेना.
नुसतं गोल गोल फिरतंय."
बघितलं. लॅबनं गेल्याच आठवड्यात
हट्टानं आठ प्रोसेसर मागून घेतले होते.
आठ मिळाले, म्हणून ती आता दारात उभी,
आठ जागा एकदम रिकाम्या व्हायची वाट बघत.
पडद्यावर तिच्या नावापुढे: तयार. तयार. तयार.
तयार म्हणजे चालू नव्हे.

सकाळी रामकुंडावर होते मी.
आईचं वर्षश्राद्ध. भाऊ नाही, म्हणून मीच बसले.
गायधनी गुरुजी काही म्हणाले नाहीत,
दर्भ देताना फक्त एक क्षण थांबले.
त्यांच्याकडे चार घरं होती:
आम्ही, मालेगावचे, नंदुरबारहून आलेले,
आणि चौथे अजून पायऱ्यांवर,
"आम्ही आठ भाऊ, बसू तर आठही एकदम,"
आठवा गाडी लावायला जागा शोधत होता.
गुरुजी म्हणाले, "दोघं बसा. बाकीच्यांनी हात लावा."
आठवा येईपर्यंत अर्धं झालंसुद्धा.

माझ्या तिसऱ्या पिंडाशी ते "थांबा हं" म्हणून उठले.
नंदुरबारकरांचं पाणी सोडून आले
आणि बसले ते नेमके त्याच अक्षरावर.
काश्यप गोत्र, सुमती नाव, तिसरा पिंड.
कागद नाही, वही नाही.
फार वर्षांपूर्वी म्हणे एकदा गोत्रं अदलाबदल झाली,
कुणाचं पाणी कुणाच्या बापाला.
तेव्हापासून उठताना डाव्या हाताच्या पेरावर
अंगठा दाबून धरतात,
परत येईपर्यंत सोडत नाहीत.

तिथे मला यजमान म्हणत होते.
आमच्याकडे यजमान म्हणजे ते लोखंडी कपाटातलं यंत्र,
जे सगळ्यांना वाढतं
आणि ज्याला कुणी विचारत नाही, तू जेवलास का.

"लीना, चार मिनिटं कशाला हात लावू नका."
लॅब बंद केली. आठाचे दोन केले. चालू केली.
पळायला लागली.
कमी दिलं म्हणून पळाली, हे त्यांच्या मोठ्या साहेबांना
कसं सांगायचं ते सोमवारी बघू.
लीना म्हणाली, "आला. सहा पूर्णांक एक. डॉक्टरांना उठवते,"
आणि फोन आपटला.

पाहुण्याला कळत नाही मध्ये त्याला थांबवलं होतं ते.
तयार असून न मिळालेल्या त्या वेळेला
आमच्या तक्त्यात एक वेगळा रकाना आहे,
चोरीला गेलेला वेळ.

गुरुजी नंदुरबारकडे होते ती सात-आठ मिनिटं
माझ्या तळहातावर ओला भात.
मंत्र नाही. फोन पिशवीत, पिशवी मावशीकडे.
पलीकडे कुणीतरी पितळी तांब्या घासत होतं.
मी तयार होते
आणि कुणीच काही मागत नव्हतं.

आई, वर्षभरात तुझ्यासाठी
तेवढाच मिळाला.