पुढच्या सीटखालचं पाणी

बाबांची काळी टॅक्सी, लास आनिमास ते बाजार, चौघांची,
गेल्या जुलैपासून आतून भिजते आहे.
वाल्दिव्हियात पाऊस ही काही बातमी नाही,
पण त्याने काचेबाहेर पडावं एवढा करार होता.

मासळीवाली ऑर्तेन्सिया पुढे बसते
आणि पाय उचलून डॅशबोर्डला टेकवते.
"एलिसेओ, माझे मासे याहून कोरडे असतात," म्हणते,
भाड्यातून शंभर पेसो कापते, पोहण्याचे.

कुठेतरी पाणी मुरतंय,
लोक म्हणतात त्या अर्थाने नव्हे, खरोखरच.
बाबांनी आधी दाराच्या रबराला धरलं.
चोर सोडून संन्याशाला.
मग काचेची कड. मग अँटेनाचं भोक,
जिथे आता अँटेनाही नाही.
दर रविवारी सिलिकॉनची एक ट्यूब,
पांढरा थर, त्यावर त्यांच्या अंगठ्याची रेष,
आणि सोमवारी मॅटखाली पुन्हा चुळुक चुळुक.

मी म्हणत होते, आधी शोधू, मग बुजवू.
पालथ्या घड्यावर.

आज उघडीप. सीट काढून अंगणात ठेवली.
चारच नट, पण तिसरा गंजलेला,
त्याने तास खाल्ला, आणि बाबांच्या तोंडून दोन शब्द काढले
जे मला त्यांनी कधी उच्चारू दिले नव्हते.
गालिचा उचलला. खाली जाड फोम,
पिळला की चहाच्या रंगाचं पाणी,
केसांची पिन, तीन नाणी, कुणाच्या जपमाळेचा मणी,
आणि घेवड्याचा एक दाणा,
दोन फिकट पानं काढून अंधारात उभा.

मग ठरलं: मी आत, बाबा बाहेर.
दारं बंद. मी आडवी, हातात टॉर्च,
गाल हीटरच्या डब्याला.
बाबांकडे बागेची नळी. खालून वर, सावकाश,
कारण वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे वाहतं
आणि कुणाचंच नाव घेत नाही.
काचेतून आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही.
एरवीही फारसं येत नाही.
म्हणून खुणा: एक टक, पुढे. दोन, थांबा.

दाराचा तळ. टक.
बिजागरी. टक.
काचेची कड. टक.
बाबांचं पोट काचेला टेकलेलं,
स्वेटरचं शेवटचं बटण चुकीच्या काजात,
सकाळपासून तसंच.
वायपरखालची जाळी.
आधी काही नाही.
मग हीटरच्या पंख्यामागून एक थेंब आला,
पत्ता विचारावा तसा थबकला,
आणि तारांच्या जुडग्यावरून चालत
उजव्या कोपऱ्यात उतरला.
टक टक.

जाळी उचलली. खाली एक पन्हळ असते,
मला माहीतच नव्हतं,
पावसाला वाट द्यायला मुद्दाम ठेवलेली,
दोन टोकांना दोन भोकं.
डावं पानांनी गच्च: स्टँडवरच्या त्या उल्मोची,
ज्याच्याखाली बाबा गाडी लावतात,
तिला पाऊस लागू नये म्हणून.
उजवं सापडेना.
काळ्या पाण्यात चाचपलं, तर बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं.
पांढरं. त्यावर अंगठ्याची रेष.

पाणी घुसत नव्हतं. आम्हीच त्याला जाऊ देत नव्हतो.

बाबा नळ बंद करायला वळले होते.
मी सायकलच्या ब्रेकची तार खुपसली, ओढली,
ते बूच पानांच्या चिखलात कालवून बादलीत टाकलं.
चाकामागून पाणी गेलं,
कुणी खाकरून घसा मोकळा करावा तसं.
"काय होतं?"
"पानं."
त्यांनी बादलीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
"पानंच असणार," म्हणाले,
आणि स्वेटरचं बटण काढून नीट लावलं.

तीन दिवस गालिचा चुलीशेजारी,
घरभर ओल्या कुत्र्याचा वास.
घेवडा दह्याच्या डब्यात, खिडकीत.
गुरुवारी ऑर्तेन्सिया बसली, सवयीने पाय वर,
बाजार येईपर्यंत खाली ठेवले नाहीत.
शंभर पेसो कमीच दिले.