शेवटचा अ

दारव्ह्याच्या रस्त्याला लागून आमचं मेडिकल.
साडेनऊला अर्धं शटर ओढते
आणि सलाईनच्या खोक्यावर वही उघडते:
लॅटिन, वर्ष चौथं.

सुरुवात बाबांपासून. देवमन कंपाउंडर,
मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं.
मिक्श्चरच्या बाटलीला कातरलेली पट्टी चिकटवायचे,
एक खाच म्हणजे एक डोस.
चिठ्ठीवरचं बी.डी. मला डॉक्टरांची सही वाटायची.
"सही नाही वं, लॅटिन हाये," बाबा म्हणाले,
"दिवसातून दोन खेपा. एवढंच येते मले."
दवाखाना बंद झाला तेव्हा रद्दीतून
त्यांनी एक व्याकरण आणलं,
उधईनं तिसरं प्रकरण खाल्लेलं.

विभक्त्या लवकर आल्या.
स-ला-ते, स-ला-ना-ते घोकलेल्या जिभेला
आणखी एक तक्ता जड नाही.
फक्त त्यांची एक विभक्ती अशी, की तिच्यात
आपली तृतीया, पंचमी, सप्तमी,
तिघी जावा एका चुलीवर.
भाकर कुणाची, ते वासावरून ओळखायचं.

क्रियापदांचा एक वर्ग आहे:
रूप कर्मणी, अर्थ कर्तरी.
इथं लोक अडतात म्हणे. मी नाही अडले.
आई म्हणायची, "माह्याच्यानं काहीच होत नाही आता,"
आणि तुराट्यांचा दुसरा भारा आणायला निघायची.

गद्य जमलं. मग कविता उघडली
आणि सगळं विस्कटलं.
विशेषण पहिल्या ओळीत,
त्याचं नाम तिसरीच्या टोकाला,
मध्ये भलत्यांचीच गर्दी.
दिवस बुडता गायकी गोहन घेऊन येतो, तसं:
धुळीत सगळी शिंगं एक,
मारुतीच्या वळणावर मात्र
जी ती आपल्या फाटकाकडे वळते.
शेपटीवरून ओळखायचं.

नागपूरचे फादर पुथेनपुरा, सेमिनरीतून निवृत्त,
पोस्टकार्डावर उत्तर देतात.
मी दोन पानं शंका लिहिल्या होत्या.
त्यांचं कार्ड: आधी क्रियापद शोध.
मग वृत्त मोज. मग चष्मा पूस.

तीन आठवडे एका ओळीपाशी बसले.
कुणीतरी निघालंय, कुणीतरी पाणी ओततंय,
आणि एक शब्द, गेलिदा: थंड.
कानाला आपल्या 'गेली'सारखा, म्हणून आधीच लाडका.
थंड पाणी, मी लिहून टाकलं.
अर्थ लागत होता. फसगत तिथंच.

काल वाल आणि मोहरी घेऊन बसले.
गुरूला वाल, लघूला मोहरी,
बिलाच्या पाठीवर ओळ मांडली.
गे (त्यांचा ए आखूडही असतो), लि, द:
तीन मोहऱ्या.
पण तीन लघू सलग या वृत्तात बसतच नाहीत.
म्हणजे शेवटचा अ लांबवायचा,
जो त्यांच्या लिपीत दिसत नाही.
एक मोहरी उचलली, वाल ठेवला.
विभक्ती बदलली.
पाणी नव्हतंच थंड.
हात होता, ओतणारा, उजवा,
ओळीच्या शेवटी इतके दिवस उभा.

पौषात दवाखान्याच्या नळावर
बाटल्या विसळून आलेले बाबा
माझ्या कपाळावर हात ठेवण्याआधी
तो सदऱ्यावर घासायचे.
बराच वेळ घासायचे.

शटर वाजलं. किनाके बाई,
खांद्यावर झोपाळलेला नातू, हातात डॉक्टरची चिठ्ठी.
"मॅडम, ह्या गोया कशा देवाच्या?"
मी पाकिटावर लिहिलं: १ – ० – १.
गुरू, लघू, गुरू. र गण.
हाही त्या वृत्तात बसत नाही.
"सकाळी आन रात्री," मी म्हटलं, "खाल्ल्यावर."
"न दुपारी?"
"दुपारी काहीच नाही."
त्यांनी शून्यावर बोट ठेवून पाहिलं.