मोजणी, भांडुपची खाडी

साडेसहाची ओहोटी. हसुराम वैती
होडी चिखलाला टेकू देत नाही,
बांबूने नुसता विचारत जातो तळाला.
मी फॉर्म उघडते. पहिला रकाना: रोहित, लहान.

किती, तो विचारतो.
चौदाशे. अंदाजे.
"म्हंजे सत्तर कोडी,"
बांगडे मोजावेत तसा.

मे संपत आला. गुलाबी होते ते गेले
रात्रीचे, टॉवरांच्या दिव्यांवरून, कलकलत.
ही मागे राहिलेली पोरं, राखाडी,
माना उलट्या घालून चिखल चाळणारी.

निवट्या टुणटुणतात. तिवराच्या मुळांतून
खंड्या सुटतो: नोंद, एक.
निर्माल्याची पिशवी येते, मागोमाग लाल चप्पल.
तिला रकाना नाही.

मग तो पाणटिवळा.
एकटाच, विटकरी गळ्याचा,
लांबच्या प्रवासाचे कपडे घालून उभा.
पायात कडं. दुर्बीण ठरत नाही,
हसुराम श्वास धरतो, मीही धरते.
दोन अक्षरं वाचली. तिसऱ्यावर चिखल.

"याची मंडळी कवाच गेली ना वर, सायबेरियाला?"
एप्रिलमध्येच.
डावा पंख बघ, लोंबतोय.

तो बघतो, बराच वेळ.
मग काही न बोलता होडी लांबून वळवतो,
पाखराला उठावं लागू नये म्हणून.
आपली वीस मिनिटं जातात त्यात.

शेरा काय लिहू?
"थांबलाय, असं लिव."

भरती लागली आहे.
पाणी त्याच्या बोटांवर,
आता कड्यावर.