आवक

मुकादम मॅडमच्या टेबलावर दोन रजिस्टरं,
एकावर आवक, दुसऱ्यावर जावक,
आणि माझ्या चिपळूणच्या गुणपत्रिका
दोघांच्या मधे, कोपऱ्यातून वाकलेल्या.

"चाळीसच्या चाळीस घेतले गं विद्यापीठानं,"
पेनाचं टोपण दातात धरून
त्यांनी जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर बेरीज मांडली:
तिकडचे चाळीस,
इथल्या चार सत्रांचे अठ्ठ्याऐंशी,
मोबाईलवर केलेल्या सांख्यिकीचे चार.
एकशे बत्तीस.
"पडवेकर, तुझं संपलं की."

शिपाई चहाचे ग्लास गोळा करत होता.
बाहेर माझ्याच वर्गाची पोरं
तिसऱ्या वर्षाच्या सहलीची वर्गणी काढत होती,
माझं नाव यादीत सातवं.

चिपळूणच्या त्या वर्षाचं
आमच्या घरात नाव निघत नसे.
निघालंच तर, फुकट गेलं ते वर्ष.
डिप्लोमाची दोन सत्रं झाली
आणि बाबांच्या होडीचं इंजिन बसलं,
मी ट्रंक घेऊन परत आले धोपाव्याला,
वर्कशॉपचा निळा डगला ट्रंकेत सगळ्यात वर.
कापड चांगलं, टाकवत नाही, म्हणून
आईनं तो काठीला अडकवला
वाळवणीच्या मांडवाशेजारी, कावळ्यांसाठी.
दोन वर्षं उभा होता, हात पसरून,
खिशावर माझा रोल नंबर.
मी समजत होते तो बोंबील राखतोय.

आणि ते चार.
ते जेटीच्या शेवटच्या दिव्याखालचे,
रात्री नऊनंतर तिथेच काय ती रेंज येते.
मध्यमान, विचलन, आणि मधेच गोल फिरणारं चाक,
खाली भरतीचं पाणी खांबांना थपडा मारतंय,
गळ टाकून बसलेला कुणीतरी विचारतोय,
"पिक्चर कुठला गो?"

आईला सांगितलं तेव्हा ती मीठ लावत होती.
"वर्षभर आधीच? असं कसं सोडतात?
घाईनं काढलेला बोंबील वरून वाळतो,
आत ओला राहतो. पावसात कळतं मग."
म्हटलं, आई, मोज.
एक तिकडे. दोन इकडे.
तिनं मिठाच्या बोटांवर मोजलं,
पुन्हा अंगठ्यापासून मोजलं.
"तीनच की. मग लवकर कुठं?"
लवकर नाहीच, म्हटलं.
बाकीचे म्हणतात लवकर.

बाबा होडीवरून आले तेव्हा काळोख पडला होता.
मी क्रेडिट समजावत बसले,
कसे एका कॉलेजातून दुसऱ्यात येतात,
कसे खात्यात पडून राहतात, कुजत नाहीत.
हे कुजत नाही त्यांना पटेना.
मग म्हणाले, "म्हणजे आवकच ना?
तीन वर्षांपूर्वी धरलेली,
आज बंदरात लागली."
आणि पहिल्यांदाच विचारलं,
चिपळूणला तू नेमकं काय शिकत होतीस?

दुसऱ्या दिवशी मी उगाच फेरीबोट धरली.
दाभोळला उतरायचं नव्हतं,
दापोलीच्या गाडीत सानियानं सवयीनं जागा धरली असेल
आणि मग दप्तर ठेवलं असेल तिथं.
पास पाहून वामनकाका म्हणाले,
"अठरा दिवस बाकी आहेत तुझे."
हे कुठल्या खात्यात जमा होतात, विचारावंसं वाटलं.
वाशिष्ठी तशीच, मधोमध जरा गढूळ.
चारशे-साडेचारशे वेळा ओलांडली असेल मी ही खाडी,
तिचा एकही क्रेडिट कागदावर नाही.

परत आले ती थेट मांडवाकडे.
डगला उन्हानं पांढुरका पडलेला,
रोल नंबराचा फक्त नऊ वाचता येत होता.
काठीवरून काढायला हात घातला
तर आई टोपलीवरून मान वर न करता म्हणाली,
"असू दे तिथं.
कावळे येतील."