पहाटेची नोंद, कुइसेब

सव्वापाचला दार ढकललं तर अंगण नव्हतंच.
गाढव होतं, म्हणजे त्याचं खोकणं तेवढं होतं.
बॅटरीचा उजेड हातभर गेला
आणि दमून तिथंच बसला.

जाळीपर्यंत एकशे चाळीस पावलं.
आज शंभराव्यालाच ऐकू आली :
टिप्. जरा थांबून, टिप्.
गेले एकोणीस दिवस नळी कोरडी होती.
एकोणीस दिवस वहीत मी शून्य काढलं,
शेवटी शेवटी तर चांगलं गोल, घोटून.

तेव्हा पूर्वेचा वारा होता,
पठारावरून उतरता उतरता तापलेला.
दाढेखाली वाळू, पापणीत वाळू,
योएलमामाच्या चहात वाळू.
नाराच्या वेलींचे काटेसुद्धा करपले.
"समुद्र रुसलाय," मामा म्हणाला.

फ्राउकेबाईंनी फोनवर सांगितलं, समुद्र रुसत नाही.
त्यांच्या नकाशावर आमची दरी दिसतच नाही म्हणे,
दिसतात ते हजार हजार किलोमीटरचे दाब.
दूर दक्षिणेला पश्चिमी वाऱ्यांचा लोंढा वाहतो,
त्यातून कधी कमी दाबाचा एखादा भोवरा तुटतो,
आमच्या किनाऱ्याबाहेर येऊन रेंगाळतो,
मग वायव्येची ओल काठाकाठानं खाली सरकते.
खाली गार पाणी, वर ऊन हवेचं झाकण,
मध्ये सापडलेल्या ढगाला वर वाट नाही
म्हणून तो आडवा चालतो, आमच्याकडे.

"म्हणजे कळपातून फुटलेलं जनावर," मी म्हटलं.
पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.
"हो. तसंच काहीसं."
मामाला सांगितलं तर तो हसला :
"आणि कळपातून फुटलं कशानं? रुसूनच ना?"

काल रात्री टेकाडावर चढले,
तिथं नेटवर्कची एक रेघ मिळते.
गेर्सनचा निरोप होता, मासेमारीच्या बोटीवरून :
काही दिसत नाही. नाकापुढचा दोरही नाही.
दर दोन मिनिटांना भोंगा देतोय.
मी उत्तर टाइप केलं, "येऊ दे, येऊ दे इकडे."
पाठवलं,
आणि मग मला माझीच लाज वाटली.

एकोणीस दिवस जे मागत होते
त्याच्याच पोटात माझा भाऊ
भोंगा वाजवत उभा होता.
मोठ्या दाबांना यातलं काही माहीत नाही.
त्यांच्या लेखी तो आणि मी
एकाच टिंबाखाली येतो, बहुतेक.

सहाशे वीस मिलिलिटर.
नळी उजेडाकडे धरून दोनदा वाचलं.
जाळीच्या तारेवर एक काळा किडा, डोकं खाली,
पाठीवरचा थेंब तोंडापर्यंत यायची वाट बघत.
त्याला मी हुसकलं नाही.
मोजून झालं की पाणी ओतून द्यायचं, असा नियम आहे.
निम्मं गाढवाला दिलं.
निम्मं किटलीत.

नवाच्या सुमाराला दरीचा तळ दिसू लागला,
आधी अकेशियाचे शेंडे, मग बुंधे, मग आमच्या शेळ्या
सगळ्या एका बाजूला तोंड करून.
टेकाडावर पुन्हा जाऊन आले.
रेघ होती. निरोप नव्हता.

मामानं चहाचा घोट घेतला, जीभ फिरवली,
"वाळू नाही," म्हणाला, जरा चुकल्यासारखा.
मी वही उघडली.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
तिथं शाईचा एक ठिपका पसरला.
त्याच्यापुढे लिहिलं : वारा वायव्य. मंद.
आणि तिसऱ्यांदा टेकाडाकडे निघाले.