कूलर बंद, शो चालू

सक्करदऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
दोन माइक, तिसरा उसना.
आवाज येतो म्हणून कूलर बंद केला
अन् मे महिना सरळ आत येऊन बसला,
पाहुण्याच्याही आधी.

पाहुणे : डोमाजी हेडाऊ, कूलर मेकॅनिक.
माझा जोडीदार रितेश निनावे
विनोद व्हायच्या आधीच हसतो;
पिंकी गजभिये, झाल्यावरही नाही.
मधोमध मी, घामाघूम सूत्रधार.

विचारलं, काका, धंदा कसा?
म्हणाले, "एप्रिलात मी जावई असतो बे.
पोहे काय, तर्री काय.
मिरगात त्याच दारात विचारतात,
कोण पाह्यजे?"

पिंकी हसली.
तीन वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीसकट हलली.

मग रितेश हळूच म्हणाला,
बटन दाबायचंच राहिलं.

काकांनी पुन्हा सांगितलं, जसंच्या तसं.
आम्ही पुन्हा हसलो, जमेल तसं.
लोक ऐकतील ते हे दुसरं.
पहिलं त्या खोलीतच कुठंतरी,
खसच्या ताट्यांत अडकलेलं.

निघताना मी कूलर लावला.
काका दारातून परतले, कान दिला.
"याचं बेअरिंग रडून राह्यलं."
उभ्या उभ्या बसवलं,
अन् दीडशे घेतले.
जावईच ते.